एकट्याचे नाटक आणि तिसरा अंक



वसंत व्याख्यानमालेत बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. बोलण्याची मला सवय आहे, पण ती कारखान्याच्या फाटकावरची. तेथे समोरच्या माणसाची पाळी नुकतीच सुटलेली असते, हातात रिकामा डबा असतो, आणि पाच मिनिटांत तुम्ही मुद्द्यावर आला नाहीत तर तो मोटारसायकलला किक मारून चालू लागतो. येथे आपण खुर्च्यांवर बसून तासभर ऐकून घेणार आहात, त्यामुळे माझी थोडी पंचाईतच झाली आहे. चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी कामगार कायद्यांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी म्हणालो, "एका इटालियन नटाविषयी बोलतो." ते क्षणभर गप्प राहिले, मग सज्जन गृहस्थ असल्यामुळे त्यांनी ते लिहून घेतले.

या नटाचे नाव दारिओ फो. १९२६ साली तो जन्मला आणि २०१६ साली, नव्वदी ओलांडून, वारला. नट, नाटककार, दिग्दर्शक, चित्रकार असे बरेच काही तो होता. १९९७ साली त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु मी साहित्याचा अभ्यासक नव्हे आणि नाट्यसमीक्षक तर नव्हेच नव्हे. या माणसाकडून एका युनियनवाल्याने काय शिकावे, आणि मी ते किती उशिरा शिकलो, एवढेच आज सांगायचे आहे.

माझे शिक्षण नववीपर्यंत. वडील मुंबईत गिरणी कामगार होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. तो संप नेमका कोणत्या तारखेला संपला, हे अजून मला कोणी सांगू शकलेले नाही. घरात पैसा येईना, तेव्हा शाळा सुटली आणि मी एका इंजिनिअरिंग कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या दोन कपाटांतून. त्यातल्या एका कपाटात फोच्या नाटकांचे एक इंग्रजी पुस्तक होते. ते मी शब्दकोश मांडीवर घेऊन तीन महिन्यांत वाचले. पुस्तक उघडले ते नाटकाच्या आवडीने नव्हे. प्रस्तावनेत त्याच्या एका नाटकाचे नाव दिसले आणि तेथेच मी थबकलो.

ते नाटक १९६९ सालचे. त्याचे नाव असे : 'कामगाराला ३०० शब्द येतात, मालकाला १०००, म्हणूनच तो मालक आहे.'

मंडळी, हे नाव वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. कारण सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात वेतनकराराची बोलणी चालली होती. व्यवस्थापनाचा मसुदा इंग्रजीत होता. त्यात एका कलमात 'रीडिप्लॉयमेंट' असा शब्द आला. मला वाटले, पहारेकऱ्यांच्या तैनातीबद्दल काही असेल. समोर टाय लावलेली तीन माणसे बसली होती, आणि आपल्याला हा शब्द येत नाही हे त्यांच्यासमोर कबूल करण्याची मला लाज वाटली. मी मान डोलावली. सहा महिन्यांनी पॅकिंग खात्यातल्या २३ माणसांच्या हातात दुसऱ्या जिल्ह्यातल्या युनिटवर हजर होण्याची पत्रे पडली. नऊजण गेले, बाकीच्यांची बिऱ्हाडे हलण्यासारखी नव्हती, ते राजीनामे देऊन घरी बसले. पगारवाढ मात्र चांगली झाली होती, आणि तिच्याबद्दल माझ्या गळ्यात हारही पडला होता. एका शब्दाची किंमत काय असते, हे मला त्या वर्षी कळले.

फोच्या त्या नाटकामागे टस्कनीच्या डोंगरातल्या बार्बियाना या खेड्यात शाळा चालवणाऱ्या डॉन मिलानी नावाच्या धर्मगुरूच्या विचाराचा धागा आहे. त्या शाळेतल्या मुलांनी लिहिलेले पुस्तक आपल्याकडे 'प्रिय बाई' या नावाने मराठीत आले आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. फोच्या नाटकात कामगारांच्याच एका संस्थेत कामगार पुस्तकांची कपाटे हलवीत आहेत. ग्रंथालयाची खोली रिकामी करून तेथे बिलियर्डचे टेबल टाकायचे आहे. बांधून ठेवता ठेवता ते पुस्तके उघडतात, आणि त्यांतून माणसे बाहेर येऊन बोलू लागतात. त्यांत माफियाने ठार केलेला सिसिलीतला एक युनियन कार्यकर्ता आणि त्याची आईही आहे. हे नाटक मालकाविरुद्ध नाही. ते आमच्याविरुद्ध आहे. ज्या चळवळीने कामगाराला एकेकाळी वाचायला शिकवले, तिनेच पुढे त्याची पुस्तके माळ्यावर टाकली, असा त्याचा आरोप आहे. इटलीतल्या मोठ्या डाव्या पक्षाला तो आरोप झोंबला. फोच्या मंडळीचे प्रयोग ज्या संस्थांच्या सभागृहांत होत, त्या त्याच पक्षाच्या वळचणीच्या होत्या. वर्षभरात संबंध तुटले. अशा फाटाफुटीचे मला नवल वाटत नाही. आमच्या धंद्यात ते नेहमीचेच. नवल वाटते ते एवढ्याचे की, या माणसाने मालकासमोर बोलायचे ते मालकासमोर बोलून दाखवले आणि मित्रासमोर बोलायचे ते मित्राच्या तोंडावर.

हा माणूस घडला कसा? लोंबार्डीत माज्जोरे नावाचे मोठे सरोवर आहे. त्याच्या काठच्या सान्जानो गावी तो जन्मला. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर आणि हौशी नट. सरोवराच्या काठी एक काचेचा कारखाना होता. तेथे निरनिराळ्या प्रांतांतून आलेले काच फुंकणारे कारागीर, कोळी आणि चोरटा माल नेणारे लोक संध्याकाळी जमून गोष्टी सांगत. आजोबा भाजीची गाडी घेऊन गावोगाव फिरत आणि गिऱ्हाइकांना आजूबाजूच्या बातम्या तिखटमीठ लावून ऐकवीत. त्यामुळे भाजीही खपे. फो पुढे मिलानला चित्रकला आणि वास्तुशास्त्र शिकला, परंतु त्याची खरी शाळा हीच. आपल्या अण्णाभाऊंना दीड दिवसाची शाळा मिळाली असे आपण म्हणतो, तेव्हा वाटेगावचे तमाशाचे फड आणि गिरणगावातल्या चाळी हीही शाळाच होती, हे विसरतो.

१९५१ च्या सुमारास तो आकाशवाणीवर एकट्याने गोष्टी सांगू लागला. त्या बायबलातल्याच, पण उलट्या केलेल्या. ज्याला सगळे दुष्ट म्हणतात त्याची बाजू घेऊन सांगितलेल्या. १९५४ साली फ्रांका रामे या अभिनेत्रीशी त्याचे लग्न झाले. ती फिरत्या नाटकमंडळीत जन्मलेली. आठ दिवसांची असताना रंगमंचावर आली, असे ती स्वतःबद्दल सांगे. पुढची साठ वर्षे या दोघांनी मिळून काम केले. तो प्रयोगात सुचेल ते बोलत जाई. ती ते टिपून घेई, कापी, जुळवी, आणि त्याची नाटके छापण्याजोगी करी. तिच्याविषयी पुढे बोलणार आहे.

आता त्याच्या एकपात्री नाटकाकडे वळतो. त्याचे नाव 'मिस्तेरो बुफ्फो'. १९६९ सालीच त्याचे प्रयोग सुरू झाले. युरोपात मध्ययुगात जत्रेत, बाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर खेळ करणारे भटके विदूषक असत. इटालियनमध्ये त्यांना जुल्लारे म्हणतात. फोने त्यांच्या जुन्या गोष्टी गोळा केल्या, ग्रामीण बोलीत पुन्हा बांधल्या, आणि एकट्याने करून दाखवल्या. त्यातले जुने किती आणि फोच्या पदरचे किती, याबद्दल विद्वानांनी शंका घेतल्या आहेत, आणि त्या निराधार नाहीत. पण आपल्याकडे भारुडाचे सोंग काढणारा प्रत्येकजण त्यात आजच्या चार गोष्टी घालतोच. परंपरा जिवंत असली म्हणजे तिच्यात भर पडते.

या खेळाला पडदा नाही, नेपथ्य नाही, मुखवटा नाही. अंगात काळा स्वेटर, काळी विजार, गळ्यात ध्वनिक्षेपक. गर्दी इतकी होई की लोक रंगमंचावर त्याच्याभोवतीच बसत. आधी तो साध्या बोलीभाषेत प्रस्तावना करी : ही गोष्ट कुठली, तेव्हा धान्याचा भाव काय होता, राजा कोण होता, आज सकाळच्या वर्तमानपत्रात काय आले आहे. ही प्रस्तावना कधी कधी गोष्टीपेक्षा लांबे. मग एकदम तो गोष्टीत शिरे. मी याची चित्रफीत पाहिली तेव्हा मनात आले, हा तर कीर्तनाचा पूर्वरंग आणि उत्तररंग! एकच माणूस उभा आहे. तोच राजा, तोच चोपदार, तोच दमयंती. आपल्याला एकपात्री प्रयोग म्हटला की पु. लं.ची 'बटाट्याची चाळ' आठवते, लक्ष्मण देशपांड्यांचे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' आठवते, सुषमा देशपांड्यांचे 'व्हय, मी सावित्रीबाई' आठवते. पण त्या सगळ्यांच्या आधी आपल्या गावात बुवा उभे होते. गाडगे महाराज तर कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत, उत्तर घेत, आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढीत. फो ज्या पद्धतीच्या शोधात होता, ती आपल्याकडे वेशीवर उभी होती.

या खेळातल्या दोनच गोष्टी सांगतो.

पहिली झान्नीची. झान्नी म्हणजे उत्तर इटलीतल्या डोंगरातला कंगाल शेतकरी. फो सांगे की, बाहेरून स्वस्त धान्य आले, डोंगरातली शेती बुडाली, आणि हे लोक व्हेनिससारख्या शहरांत हमाली करायला उतरले. झान्नी हे 'जोव्हान्नी' या अगदी सामान्य नावाचे तिकडचे रूप. आपल्या मुंबईत कोकणातून आलेल्या कोणत्याही गड्याला शेटजी 'रामा' म्हणून हाक मारीत; त्याचे खरे नाव विचारण्याची तसदी कोणी घेत नसे. तोच प्रकार. पुढे युरोपच्या अभिजात विनोदी नाटकात जो हुशार नोकर येतो, त्याचा पूर्वज हा झान्नी. मोलिएरच्या नाटकांतले नोकरही याच कुळातले. फोने १९९० साली पॅरिसच्या कोमेदी-फ्रान्सेज या जुन्या नाट्यगृहात मोलिएरच्या दोन प्रहसनांचे दिग्दर्शन केले, तेव्हा त्यांत हीच जत्रेतली धावपळ परत आणली. तिकडचे अभिजात नाटक आणि रस्त्यावरचा खेळ यांच्यात त्याने कधी सोवळेओवळे पाळले नाही.

तर हा झान्नी भुकेला आहे. इतका की स्वतःलाच खाऊन टाकीन म्हणतो, डोंगर खाईन म्हणतो, देवालाही सोडणार नाही म्हणतो. मग त्याला स्वप्न पडते. स्वप्नात मोठी चूल, मोठी पातेली. तो शिजवतो, ढवळतो, चाखतो. रंगमंचावर यातले काहीच नाही, पण आपल्याला वाफ दिसते. मग जाग येते. समोर काही नाही. तेवढ्यात एक माशी येते. तो ती पकडतो, निरखतो, आणि एखाद्या मेजवानीसारखी सावकाश, एकेक पाय करून खातो. लोक पोट धरधरून हसतात, आणि हसता हसता त्यांच्या ध्यानात येते की आपण एका उपाशी माणसाला हसत आहोत.

हे सगळे तो ज्या भाषेत बोलतो, ती भाषाच नव्हे. तिला 'ग्रामेलो' म्हणतात. शब्द निरर्थक, पण सूर, ठेका, हेल अगदी एखाद्या खऱ्या भाषेचे. लहान मुले साहेबाची नक्कल करताना फाडफाड खोटे इंग्रजी बोलतात ना, तसेच. फो एका अमेरिकन तंत्रज्ञाचे संपूर्ण भाषण असे करून दाखवी : एकही शब्द खरा नाही आणि सगळे समजते. मला इटालियन येत नाही, तरी मी ते पाहून हसलो. आणि लगेच त्या टाय लावलेल्या तिघांची आठवण झाली. त्या दिवशी ते बोलत होते तेही मला ग्रामेलोसारखेच वाटले होते. फरक एवढाच की फो निरर्थक शब्दांतून अर्थ पोचवीत होता, आणि त्यांच्या अर्थपूर्ण शब्दांनी माझ्यापासून अर्थ लपवला होता.

दुसरी गोष्ट लाझारसची. येशूने मेलेल्या लाझारसला उठवले, ही बायबलातली कथा. फोच्या खेळात चमत्कार जवळजवळ दिसतच नाही. दिसते ती चमत्कार पाहायला जमलेली गर्दी. कब्रस्तानाचा रखवालदार आत सोडायचे पैसे घेतो. एकजण खुर्च्या भाड्याने देतो. एकजण मासे विकतो. उठेल की नाही यावर पैजा लागतात. पुढचा मागच्याला ढकलतो, मागचा शिव्या देतो. आणि ऐन चमत्काराच्या क्षणी कोणीतरी ओरडते : माझा खिसा कापला! ही सगळी माणसे एकटा फो करतो. वेश बदलणे नाही, धावाधाव नाही. नुसती मान वळवतो, खांदा पाडतो, आवाज फिरवतो. यात देवाची टिंगल नाही. आपण देवाच्या दारीही बाजार कसा मांडतो, त्याची आहे. आषाढीला पंढरपुरात गेलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. १९७७ साली हा खेळ इटालियन दूरदर्शनवर दाखवला, तेव्हा व्हॅटिकनमधून निषेधाचे मोठे वादळ उठले. लोकांनी मात्र तो आवडीने पाहिला.

एकटा माणूस रंगमंचावर उभा राहतो, आणि तरी ते एकाकी माणसाचे नाटक होत नाही, याचे मर्म मला येथे सापडले. पुष्कळ नट एकटे उभे राहतात ते 'माझ्याकडे पाहा' म्हणून. फो एकटा उभा राहतो तो गर्दीला जागा करून देण्यासाठी. अर्थात असे करण्याची त्याला किंमतही द्यावी लागली.

१९६२ साली तो आणि फ्रांका इटालियन दूरदर्शनवर 'कान्झोनिस्सिमा' नावाचा अतिशय लोकप्रिय कार्यक्रम करीत होते. एका भागासाठी त्यांनी बांधकाम कामगारांवर प्रवेश लिहिला; सुरक्षेची साधने द्यायला नकार देणारा एक बांधकाम मालक त्यात होता. तेव्हा इटलीत बांधकाम कामगारांचा लढा पेटलेला होता. वरिष्ठांनी तो प्रवेश गाळायला सांगितला. कार्यक्रम सुरू होण्याच्या सुमारास दोघे तेथून चालते झाले. त्यानंतर जवळजवळ पंधरा वर्षे दूरदर्शनचे दार त्यांना बंद होते. एका विनोदी प्रवेशासाठी पंधरा वर्षे!

ही हकिकत वाचली तेव्हा मला माझीच एक गोष्ट टोचू लागली. एका कारखान्यात शेडचे पत्रे बदलताना कंत्राटाचा एक तरुण मुलगा वरून पडून मेला. दुसऱ्या दिवशी फाटकावर सभा झाली. मी बोलण्याआधी आमचा एक जुना लोडर पुढे आला. चार इयत्ताही शिकलेला नसेल. त्याने माइक घेतला आणि अपघाताची चौकशी करून दाखवू लागला. तोच साहेब, तोच कंत्राटदार, तोच डॉक्टर, तोच टंकलेखक. साहेब विचारतो, पट्टा होता का? कंत्राटदार म्हणतो, होता की, पण कपाटात होता. साहेब म्हणतो, कपाट पडले का? नाही. मग पट्टा सुरक्षित आहे, लिहा. शेवटी चौकशी समिती निकाल देते : मयताने कामाची वेळ संपण्यापूर्वी परवानगीवाचून काम थांबवले, सबब मयतास कारणे दाखवा नोटीस द्यावी.

लोक हसले. मोठ्याने हसले. मुलाचे वडील तेथेच उभे होते. मी पुढे होऊन त्याच्या हातातून माइक काढून घेतला आणि म्हणालो, "ही हसायची वेळ नाही." मग मी तासभर गंभीर भाषण केले. तो लोडर मागे जाऊन उभा राहिला.

भाषण संपल्यावर मुलाचे वडील माझ्याकडे आले नाहीत. ते त्या लोडरकडे गेले आणि त्याचा हात धरून बराच वेळ उभे राहिले. मी ते पाहिले होते. पण त्याचा अर्थ लावला नव्हता.

तो अर्थ मला फोच्या सर्वांत गाजलेल्या नाटकाने सांगितला. १२ डिसेंबर १९६९ रोजी मिलान शहरात एका बँकेत बॉम्ब फुटला. १७ माणसे मेली. पोलिसांनी अराज्यवाद्यांना धरले. त्यांत पिनेल्ली नावाचा एक रेल्वे कामगार होता. तीन दिवसांनी, मध्यरात्रीच्या सुमारास, पोलीस कचेरीच्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून तो खाली पडून मेला. तो निर्दोष होता. बॉम्ब उजव्या अतिरेक्यांचा होता, हे पुढे उघड झाले. पोलिसांच्या जबान्या एकमेकींशी जुळेनात. १९७५ साली न्यायाधीशाने निष्कर्ष काढला की त्याने उडीही मारली नाही आणि त्याला कोणी ढकललेही नाही. त्याला झटका आला आणि तोल गेला. फोने मात्र १९७० सालीच 'एका अराज्यवाद्याचा अपघाती मृत्यू' हे नाटक उभे केले होते. त्यात एक वेडा पोलीस कचेरीत शिरतो आणि न्यायाधीश बनतो. तो पोलिसांना फटकारीत नाही. उलट त्यांना मदत करतो. म्हणतो, तुमच्या हकिकतीत फटी राहिल्या आहेत, चला, आपण नीट जुळवू. आणि जुळवता जुळवता सगळे उघडे पडते. हा आमच्या लोडरचाच खेळ होता, मंडळी. तो दुःखाला हसत नव्हता. खोटेपणाला हसत होता. माणूस रडून मोकळा झाला की घरी जाऊन झोपतो. फोला लोकांना मोकळे करायचे नव्हते. हसू ओसरल्यावर राग आतच शिल्लक राहावा, अशी त्याची इच्छा होती. माझ्या तासाभराच्या भाषणाने लोकांना मोकळे करून घरी पाठवले. लोडरच्या पाच मिनिटांनी तसे केले नसते.

आता तिसऱ्या अंकाविषयी. १९६८ साली फो आणि फ्रांका यांनी चांगला चाललेला धंदेवाईक रंगभूमीचा व्यवसाय सोडला. पैसेवाल्यांचे मनोरंजन पुष्कळ झाले, आता कामगारांपुढे खेळू, असे म्हणून ते कामगारांच्या सभागृहांत, मैदानांत, संपकऱ्यांनी ताब्यात घेतलेल्या कारखान्यांत प्रयोग करू लागले. नाटक दोन अंकांचे असे. ते संपले की कोणी उठत नसे. चर्चा सुरू होई. त्यालाच ते तिसरा अंक म्हणत. लोक सांगत, हे चुकले, हे असे घडत नाही, आमच्या खात्यात असे झाले. फो ऐके, आणि पुढच्या प्रयोगात ते घाली. १९७४ सालच्या त्याच्या एका नाटकात महागाईने पिचलेल्या बायका दुकानातला माल पैसे न देताच उचलून नेतात. आपल्याकडे १९७२ साली मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायकांना हे नाटक परके वाटले नसते.

मी कबूल करतो की त्याची सगळीच नाटके चांगली नाहीत. काही ठिकाणी तो उपदेश करू लागतो, आणि मग तो माझ्यासारखाच कंटाळवाणा होतो. त्याच्या मंडळीतही तट पडले. पण प्रेक्षकाला शेवटचा शब्द देण्याची रीत त्याने सोडली नाही.

फ्रांकाविषयी बोलल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. राजकीय कैद्यांना मदत पोचवण्याचे काम ती करीत असे. ९ मार्च १९७३ रोजी मिलानमध्ये फॅसिस्टांच्या एका टोळीने तिला पळवून नेले, मारहाण केली, तिच्यावर बलात्कार केला. दोन महिन्यांत ती पुन्हा रंगमंचावर उभी राहिली. पुढे काही वर्षांनी तिने या अनुभवावर एक छोटे स्वगत रचले आणि स्वतः सादर केले. त्यात आरडाओरडा नाही, अश्रू नाहीत. एक बाई घडले ते शांतपणे सांगते. सुरुवातीला तर ती हे आपलेच आहे असेही सांगत नसे. वर्तमानपत्रात आलेल्या एका बाईच्या जबानीवरून घेतले आहे, असे म्हणे. त्या गुन्ह्यामागे पोलीस दलातल्या वरिष्ठांचा हात असल्याच्या साक्षी कित्येक वर्षांनी न्यायालयीन तपासात पुढे आल्या. पण तोवर मुदत टळून गेली होती आणि कोणालाही शिक्षा झाली नाही. एकपात्री नाटकाविषयी मी इतका वेळ गर्दी, गर्दी म्हणत आलो. येथे गर्दी नाही. पण आपले दुःख 'माझे' न म्हणता 'एका बाईचे' म्हणून तिने पुढे ठेवले, तेव्हा सभागृहातल्या किती बायकांनी ते मनातल्या मनात आपले म्हणून उचलले असेल! फोच्या गमतीदार गर्दीपेक्षा ही न दिसणारी गर्दी मला मोठी वाटते.

१९९७ साली नोबेल जाहीर झाले, तेव्हा पुष्कळ विद्वानांनी नाके मुरडली. नटाला कसले साहित्याचे पारितोषिक, असे ते म्हणाले. फोने स्टॉकहोमच्या भाषणात १२२१ सालच्या एका कायद्याची आठवण दिली. सम्राट दुसरा फ्रेडरिक याने मेस्सिना येथे काढलेल्या या कायद्याप्रमाणे निंदा करणाऱ्या विदूषकांना कोणीही बडवावे, त्याला शिक्षा नव्हती. पारितोषिकाचा पैसा दोघांनी अपंगांच्या कामासाठी दिला. फ्रांका २०१३ साली गेली, आणि तो तिच्यामागून तीन वर्षांनी.

मंडळी, माझी वेळ संपत आली आहे. शेवटी त्या लोडरविषयी सांगतो. हे सारे वाचून झाल्यावर मी त्याच्याकडे गेलो. त्या मुलाच्या मृत्यूला दोन वर्षे व्हायची होती; फाटकावर सभा ठेवली होती. मी म्हणालो, "दादा, माझी चूक झाली. त्या दिवशीची चौकशी पुन्हा करून दाखवा. मी खाली बसून ऐकतो." त्याने तंबाखू मळता मळता माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "साहेब, ते त्या दिवशी आलं होतं. आता कुठून आणू?"

त्याने मला साहेब म्हटले, याचे मला जास्त वाईट वाटले.

मी हट्ट धरला नाही. पण तेव्हापासून आमच्या सभांची रीत बदलली. माझे भाषण पंधरा मिनिटांचे. मग माइक खाली, लोकांत. पहिले काही महिने कोणी तो हातात घेईना. सगळे एकमेकांकडे ढकलीत. मग एका कॅन्टीनमधल्या बाईने घेतला आणि करारातल्या एका शब्दाचा अर्थ विचारला. मला तो येत नव्हता. मी तसे सांगितले. सगळ्यांनी मिळून तो शब्दकोशात शोधला. युनियनची ती दोन कपाटे आता कुलपाशिवाय उघडी असतात. त्यांतली काही पुस्तके परत येत नाहीत, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही.

 व्याख्यान झाले की आभारप्रदर्शन आणि मग चहा, अशी येथली पद्धत असल्याचे मला सांगण्यात आले आहे. अध्यक्षांची हरकत नसेल तर चहा थोडा थांबवावा. मी खाली येऊन बसतो. ज्यांना काही सांगायचे असेल त्यांनी वर यावे.